प्रकरण ७ : नाव पाकिटाच्या आत

"कुलूप मोडत नाही म्हणता, मग पैसे जातात कसे?" संगणकाच्या सुरक्षेबद्दल चार माणसांत बोलायला लागलं की हा प्रश्न हमखास येतो. ॲप सांगतं, तुमचे संदेश एन्क्रिप्टेड आहेत. बँक सांगते, आमची यंत्रणा अभेद्य आहे. तरी दर आठवड्याला ओळखीतलं कोणी ना कोणी फसतंच. "लोक ओटीपी सांगून टाकतात" हे उत्तर खरं असलं तरी अर्धंच आहे. फसलेल्या माणसावर सगळा दोष ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. कारण अशीही फसवणूक असते जिच्यात कोणी कोणाला काही सांगितलेलं नसतं, गणितही शाबूत असतं, आणि तरीही गुपित बाहेर पडतं. हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

त्यासाठी चेन्नईच्या वायव्येला अंबत्तूरला जाऊ. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणारी लोकल कोरट्टूर, पट्टरवाक्कम करत अंबत्तूरला पोचते. इथली औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकातली. आपल्या भोसरी-पिंपरीसारखीच: लेथ, प्रेस, पावडर कोटिंग, वाहनांचे सुटे भाग. गेल्या काही वर्षांत याच वसाहतीत वेगळ्या इमारती उभ्या राहिल्या. खिडक्या जवळपास नाहीत, बाहेर जनरेटरच्या रांगा, फाटकावर कडक पहारा. ही डेटा सेंटरं. एनटीटी, एसटी टेलिमीडिया अशा कंपन्यांची नावं इथल्या फाटकांवर दिसतात. समुद्राखालून आलेल्या केबल चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून हा धंदा मुंबईखालोखाल इथं वाढला. एका शेडमध्ये स्टीलचा बार लेथवर चढतो, आणि पलीकडच्या इमारतीत कोणाकोणाची बिलं, दर आणि सह्या विजेच्या रूपात ये-जा करतात.

समजा, अंबत्तूरच्या एका शेडची मालकीण सेल्वी भोसरीच्या प्रकाशला बुशिंग पुरवते. दोघांच्या मधे एक दलाल आहे. ही तिन्ही माणसं काल्पनिक आहेत, पण त्यांच्यात जे घडेल ते संगणकशास्त्रात खरोखर घडून गेलं आहे.

१. बंद करणारे सगळे, उघडणारा एक

पूर्वी गुप्त संदेश पाठवायचा तर दोघांकडे एकच किल्ली लागायची, आणि ती आधी गुपचूप पोचवावी लागायची. सेल्वी आणि प्रकाश कधी भेटलेच नसतील तर किल्ली पोचवणार कशी? १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सुचवलं की किल्ल्या दोन ठेवा: एक जगजाहीर, एक खासगी. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ते प्रत्यक्षात आणणारं गणित दिलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात.

अशा पाकिटाची कल्पना करा जे कोणालाही बंद करता येतं, पण एकदा बंद झालं की ज्याच्या नावाचं ते आहे त्यालाच उघडता येतं. जाहीर किल्लीनं पाकीट बंद होतं, खासगी किल्लीनं उघडतं. प्रकाश आपली जाहीर किल्ली खुशाल दुकानाच्या पाटीवर लिहू शकतो.

छोट्या आकड्यांत करून पाहू. प्रकाशची जाहीर किल्ली आहे ३३ आणि ३. सेल्वीला ४ हा आकडा कळवायचा आहे. तिनं ४ × ४ × ४ = ६४ केलं, ३३ नं भागलं, बाकी उरली ३१. तारेवरून गेले ते ३१. प्रकाशची खासगी किल्ली ७. त्यानं ३१ चा सातवा घात करून ३३ नं भागायचं. हे तोंडी होतं: ३१ म्हणजे ३३ पेक्षा २ कमी, म्हणून ३१ च्या जागी उणे २ धरा. उणे २ चा सातवा घात उणे १२८. त्यात ३३ ची चार पट, म्हणजे १३२, मिळवा. उरले ४.

ही ७ ची किल्ली काढायला ३३ म्हणजे ३ × ११ हे माहीत असावं लागतं. ३३ चे अवयव शाळकरी मूलही पाडेल. प्रत्यक्षात वापरतात त्या २०४८ बिटांच्या किल्लीत ही संख्या ६१७ अंकी असते. जाहीर स्पर्धेतली २५० अंकी आरएसए संख्या २०२० साली फोडली गेली, आणि तेवढ्यासाठी एका संगणकी गाभ्याला साधारण २,७०० वर्षं लागतील इतकी गणना खर्ची पडली. तेव्हा पाकीट फाडून कोणी वाचेल ही भीती सध्या बाजूला ठेवायला हरकत नाही.

२. पाकीट न फोडता आतलं वाचणं

आता सेल्वी आणि प्रकाश एक साधा नियम ठरवतात. संदेश पोचला की पोच द्यायची, आणि पोच म्हणून तोच मजकूर पाठवणाऱ्याच्या पाकिटात घालून परत करायचा. म्हणजे नीट पोचला याची खात्री होते. असा ठरवलेला क्रम, कोणी कोणाला काय पाठवायचं आणि त्यावर काय उत्तर द्यायचं, याला प्रोटोकॉल म्हणतात.

सेल्वीनं दर लिहिला: नगाला ४१२ रुपये. प्रकाशच्या पाकिटात बंद केला आणि वर लिहिलं, "सेल्वीकडून प्रकाशला."

मधे दलाल बसला आहे. त्याला पाकीट उघडता येत नाही. पण वरचं नाव उघड्यावर आहे. तो "सेल्वी" खोडून आपलं नाव लिहितो आणि पाकीट पुढं सोडतो. प्रकाश पाकीट उघडतो, ४१२ वाचतो, आणि नियमाप्रमाणे तोच मजकूर दलालाच्या पाकिटात घालून दलालाला परत करतो. दलाल स्वतःचं पाकीट स्वतःच्या किल्लीनं उघडतो. ४१२. संपलं.

एकाही किल्लीला धक्का लागला नाही, कोणी नियम मोडला नाही. प्रकाशनं तर नियम तंतोतंत पाळला, म्हणूनच गुपित फुटलं.

हे उदाहरण डॅनी डोलेव्ह आणि अँड्र्यू याओ यांच्या १९८३ च्या निबंधातल्या उदाहरणावर बेतलं आहे. या दोघांनी शत्रूचं एक चित्र रंगवलं जे आजही या शास्त्राचा पाया आहे. शत्रू प्रत्येक संदेश ऐकू शकतो, अडवू शकतो, बदलू शकतो, जुना संदेश पुन्हा पाठवू शकतो आणि स्वतःही रीतसर सभासद असू शकतो. फक्त परक्या किल्लीचं पाकीट त्याला उघडता येत नाही. एवढा मोकळा सोडलेला शत्रू असतानाही गुपित टिकलं, तरच प्रोटोकॉल सुरक्षित म्हणायचा. डेटा सेंटरच्या फाटकावरच्या पहाऱ्याबद्दल मला आदर आहे, पण या शत्रूला फाटकातून आत यावंच लागत नाही.

उपाय काय? पाठवणाऱ्याचं नाव मजकुराबरोबर पाकिटाच्या आत लिहायचं: "सेल्वी, ४१२." मग दलालानं बाहेर काहीही खरडलं तरी प्रकाश आतलं नाव पाहून उत्तर सेल्वीच्या पाकिटात घालतो.

इथं पुष्कळांना वाटतं की आणखी पक्कं करायचं तर पाकिटात पाकीट घालावं: आधी दर बंद करा, त्यावर नाव लिहा, मग सगळं पुन्हा बंद करा. डोलेव्ह आणि याओ यांनी दाखवून दिलं की असं केल्यानं हाच पोचीचा संवाद पुन्हा फुटतो. दलाल अडवलेली पोच स्वतःच्या नावानं नवा संदेश म्हणून परत पाठवतो, आणि समोरचा माणूस नियमाप्रमाणे एकेक आवरण उतरवून त्याच्या हातात देत जातो. दोन कुलपं एकापेक्षा कमजोर निघतात. हा निष्कर्ष मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण "अजून एक थर चढवू" हीच आपली पहिली प्रतिक्रिया असते.

३. सतरा वर्षं न दिसलेली फट

१९७८ साली रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एकमेकांची ओळख पटवण्याचा एक प्रोटोकॉल छापला. त्यात प्रत्येकानं एक ताजा आकडा निवडायचा, पूर्वी कधी न वापरलेला आणि कोणाला अंदाज न येईल असा. प्रत्यक्षात तो लांबलचक असतो. आपण तीन अंकांवर भागवू.

सेल्वी प्रकाशच्या पाकिटात पाठवते: "मी सेल्वी, माझा आकडा ५१७." प्रकाश सेल्वीच्या पाकिटात उत्तर देतो: "५१७, आणि माझा ९०३." सेल्वी प्रकाशच्या पाकिटात परत पाठवते: "९०३."

५१७ परत आला म्हणजे पाकीट उघडणारा प्रकाशच, कारण दुसऱ्याला ते उघडलंच नसतं. ९०३ परत आला म्हणजे पलीकडं सेल्वीच. तीन ओळींत ओळख पटली, आणि ५१७ नि ९०३ ही दोघांची गुपितं झाली. पाहा, पहिल्या संदेशात नावही आत आहे. वर्षानुवर्षं हा प्रोटोकॉल अभ्यासला गेला, शिकवला गेला, आणि तो बरोबर आहे असंच मानलं गेलं.

१९९५ मध्ये ऑक्सफर्डच्या गॅव्हिन लो यांनी त्यातली फट दाखवली. पुढची पायरी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, नुसती वाचून सोडू नका.

सेल्वी एके दिवशी दलालाशीच रीतसर बोलणं सुरू करते. तोही नोंदणीकृत व्यापारी आहे. ती दलालाच्या पाकिटात पाठवते: "मी सेल्वी, ५१७." दलाल ते उघडतो, कारण ते त्याचंच आहे, आणि तोच मजकूर प्रकाशच्या पाकिटात घालून भोसरीला पाठवतो. प्रकाशला वाटतं, सेल्वी आली. तो सेल्वीच्या पाकिटात उत्तर देतो: "५१७, ९०३." हे दलालाला उघडता येत नाही. तो उघडायच्या फंदातही पडत नाही, जसंच्या तसं सेल्वीकडं ढकलतो. सेल्वी उघडते, आपला ५१७ पाहते आणि समजते की हे दलालाचंच उत्तर आणि ९०३ हा त्याचा आकडा. ती ९०३ दलालाच्या पाकिटात पाठवते. दलालाला जे हवं होतं ते सेल्वीनं स्वतः उघडून दिलं. तो ९०३ प्रकाशच्या पाकिटात घालून पाठवतो.

आता प्रकाशची खात्री आहे की आपण सेल्वीशी बोलतो आहोत. दोन्ही गुपितं दलालाकडं आहेत. पुढचा संदेश तो असा पाठवू शकतो: "५१७, ९०३. यापुढचे पैसे या नव्या खात्यात भरा."

लो यांची दुरुस्ती एका शब्दाची होती. दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्यानं आपलं नाव आत लिहायचं: "मी प्रकाश, ५१७, ९०३." मग दलालाशी बोलत असलेली सेल्वी पाकिटात प्रकाशचं नाव पाहते आणि तिथंच थांबते.

नीडहॅम आणि श्रोडर यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांच्या काळातलं जाळं म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संस्थांचे मोजके संगणक. शत्रू बाहेरचा असेल असं त्यांनी धरलं होतं. सभासदच लबाड निघेल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. व्यापारी जाळ्यात मात्र ते पहिल्या दिवसापासून धरावं लागतं.

४. दहा हजार पाकिटं

एक फट प्रोटोकॉलच्या क्रमात नसून पाकिटातल्या मजकुरात असते. समजा, एखाद्या ॲपनं चार अंकी पिन बँकेच्या जाहीर किल्लीनं जशीच्या तशी बंद करून पाठवली. वर ४ चे ३१ झाले तसे. ४ चे नेहमी ३१ च होणार. मग चोर काय करेल? किल्ली जाहीर आहे, म्हणजे त्यालाही पाकिटं बंद करता येतात. तो ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार पाकिटं घरी बसून बनवतो आणि अडवलेल्या पाकिटाशी जुळणारं शोधतो. काही सेकंदांचं काम.

म्हणून प्रत्येक वेळी पिनसोबत भरपूर यादृच्छिक अंक आत भरावे लागतात, म्हणजे तीच पिन दर वेळी वेगळी दिसते. हा विचार शफी गोल्डवासर आणि सिल्व्हिओ मिकाली यांनी १९८२ मध्ये मांडला. पिन त्या विशिष्ट व्यवहाराच्या खुणेशीही बांधावी लागते, नाहीतर आजचं बंद पाकीट उद्याच्या दुसऱ्याच रकमेला चिकटवता येईल.

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पिन टाकायचा पडदा तुमच्या ॲपचा नसतो, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या सॉफ्टवेअरचा असतो. पिन तिथंच कॉर्पोरेशनच्या जाहीर किल्लीनं बंद होते, ॲपला ती वाचता येत नाही. ही रचना चांगली आहे. तरी मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी यूपीआयच्या पहिल्या आवृत्तीचा अभ्यास करून २०२० मध्ये जे दाखवलं, ते पाकिटाबद्दल नव्हतंच. फोन आणि मोबाइल नंबर यांची गाठ पहिल्यांदा बांधली जाते त्या संवादाबद्दल होतं. एरवी ही गाठ फोननं स्वतः पाठवलेल्या एसएमएसवरून बांधली जायची. तो मार्ग अडला तर नंबर टाइप करून ओटीपीवर भागवायची पळवाट होती. कोणाच्या फोनमधलं चोरटं ॲप ओटीपी वाचत असेल, तर त्या माणसाचा नंबर हल्लेखोराच्या फोनशी बांधला जाण्याची शक्यता त्यातून उघडी राहिली. हा फोन कोणाचा, हेच नीट बांधलेलं नव्हतं.

५. तरमणीतलं उत्तर

लो यांच्यानंतर साहजिक प्रश्न आला. तीन ओळींत सतरा वर्षं फट लपली, तर शंभर ओळींच्या प्रोटोकॉलचं काय? तपासणी संगणकाकडंच का सोपवू नये? अडचण अशी की कितीही संवाद एकाच वेळी चालू शकतात, आणि प्रत्येकात नवे ताजे आकडे. शक्यतांना अंत नाही. कुठलाही प्रोटोकॉल दिला तरी तो गुपित राखतो की नाही याचा बिनचूक निवाडा करील अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. संगणक वेगवान केल्यानं ही अडचण सुटत नाही.

इथं अंबत्तूरच्याच शहरातली दोन माणसं येतात. तेव्हा तरमणीच्या गणितविज्ञान संस्थेत असलेले आर. रामानुजम आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे एस. पी. सुरेश. डिसेंबर २००३ मध्ये मुंबईत भरलेल्या संगणकशास्त्राच्या परिषदेत त्यांचा निबंध होता. त्याचा आशय: प्रत्येक बंद पाकिटाच्या आत, हे पाकीट संवादातलं नेमकं कोणतं आहे हे सांगणारी खूण लिहा. एवढी शिस्त पाळली, तर ताजे आकडे कितीही असोत, गुपित राहतं की नाही याचा निवाडा निश्चित रीतीनं करता येतो.

हे मला फार सुंदर वाटतं. आत लिहिलेली खूण शत्रूला तर अडवतेच, कारण एका जागचं पाकीट दुसऱ्या जागी खपवता येत नाही. शिवाय ती तपासणाऱ्याचं कामही शक्य करते. रामानुजम यांनी तमिळनाडूच्या विज्ञान चळवळीतही आयुष्य घातलं, शाळाशाळांत गणित नेलं. त्यांचं हे संशोधन मात्र मराठी वाचकापर्यंत फारसं पोचलं नाही.

आज ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यात चालणारा टीएलएस १.३ हा प्रोटोकॉल २०१८ मध्ये ठरला, तो अशा संगणकी तपासण्या आधी करूनच. त्यात वेबसाइट आपल्या खासगी किल्लीनं सही करते ती तोवर झालेल्या सगळ्या बोलण्यावर, एका तुकड्यावर नव्हे. पुढं क्वांटम संगणकासमोरही टिकेल असं नवं गणित येत आहे, ते यायलाच हवं. पण नाव बाहेर ठेवलेला प्रोटोकॉल नव्या गणितावरही तसाच फुटेल.

६. किल्लीवरचं नाव कोण लिहितं?

एक गोष्ट इथवर मी गृहीत धरली: प्रकाशच्या नावाची किल्ली खरोखर प्रकाशची आहे. हे ठरवणारं कोणीतरी लागतं. ते काम प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था करतात. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली प्रमाणन संस्थांचा नियंत्रक नेमला गेला आणि त्याच्या परवान्यानं बाकीच्या संस्था चालतात.

जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की त्याच्या काही पत्त्यांसाठी प्रमाणपत्रं निघाली आहेत, आणि ती गूगलनं मागितलेलीच नाहीत. ती दिली होती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं. नियंत्रकानं दुसऱ्याच दिवशी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रं रद्द केली. एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती आणि चार प्रमाणपत्रं चुकीची निघाली, असं नियंत्रकाकडून सांगण्यात आलं. तीन गूगलची, एक याहूचं. त्या चारांत नसलेलीही काही आपल्याला ठाऊक आहेत, असं गूगलनं जाहीर केलं आणि क्रोममध्ये भारतीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राला मोजक्या भारतीय पत्त्यांपुरतंच मर्यादित केलं. अशा खोट्या प्रमाणपत्राच्या जोरावर मधला माणूस गूगल म्हणून उभा राहू शकतो, आणि विंडोजवरच्या पुष्कळ वापरकर्त्यांना कुलपाची खूण व्यवस्थित दिसत राहिली असती.

अंबत्तूर असो की भोसरी, लहान कारखानदाराकडं याच साखळीतलं एक टोक असतं: यूएसबी टोकनमधलं डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. जीएसटी, कंपनी निबंधकाकडची कागदपत्रं, ई-टेंडर, सगळं त्यावर चालतं. खासगी किल्ली टोकनमध्येच राहते, बाहेर निघत नाही. आणि हे टोकन बहुधा असतं कुठं? सीएच्या ऑफिसातल्या खणात, रबर बँड लावलेल्या गठ्ठ्यात, प्रत्येकावर कंपनीच्या नावाचं स्टिकर आणि बऱ्याचदा त्याच स्टिकरवर पिन. सीए प्रामाणिक असेलही, पण त्या खणापर्यंत हात पोचणारा प्रत्येक जण तुमच्या नावानं सही करू शकतो, आणि ती सही कायद्यानं तुमचीच धरली जाते. कायद्याच्या ४२ व्या कलमानं खासगी किल्ली सांभाळायची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर टाकली आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर विनाविलंब कळवायची जबाबदारीही त्याचीच.

तेव्हा हे पुस्तक वाचणारे कारखानदार, दुकानदार, संचालक यांना माझी विनंती आहे. आपलं टोकन परत आणा, त्याची पिन बदला, आणि सहीच्या वेळी स्वतः बसा. पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, तर मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर करा.